टूकनची ढोली आणि एलिएसरचं घर

सारापिकी, २२ मार्च १९८७

ती. हर्मेलिंडा आत्यास,
योर्लेनीचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, हसू नकोस! पंचवीस एप्रिलचं लग्न लटकलंय, तेही मोठ्या चोचीच्या टूकन पक्ष्यांमुळे! एलिएसरच्या घर बांधायच्या एवढ्याशा जागेत मधोमध जे वाळकं झाड आहे, त्याच्या ढोलीत जोडप्यानं अंडी घातली. नवऱ्या मुलाची प्रतिज्ञा तुला ठाऊकच आहे: स्वतः बांधलेल्या घरातच बायको आणणार, कुणापुढे हात पसरणार नाही.

त्यात हा पडला कोंबड्या पाळणारा. म्हणाला, अंडी फुटली की पिल्लं तुरुतुरु चालू लागतील, मग झाड पाडू. परवा फुटली. शिडी लावून बघतो तर काय, उघडीनागडी, आंधळी पिल्लं! त्याचं तोंड बघायला हवं होतंस! मी ठणकावलंय, करवत लावलीस तर लग्न मोडलं. पण आत्या, मला लग्न पंचवीसलाच हवंय गं! ही उडणार कधी? तू मूळची इथलीच, लवकर कळव.

लोभ आहेच, थोडा जास्त पाठव.
तुझी योर्लेनी

सान होसे, २ एप्रिल

चि. योर्लेनीस अनेक आशीर्वाद.

पोट दुखेपर्यंत हसले. अगं, डोळे उघडायलाच तीन आठवडे, उडायला सहा-सात. मे उजाडेल.

आता पुढचं त्या शहाण्याला वाचून दाखव. बाबा रे, टूकन तरी कुठे घर बांधतो? सुतारपक्ष्यानं कोरून सोडलेली ढोली धरतो, जरा उकरून घेतो आणि संसार थाटतो. बायकोला फळं भरवतो, अंड्यांवर आळीपाळीनं बसतो. त्याची इज्जत गेली का कुठे? माझं तिथलं घर तीन वर्षं बंद आहे. किल्ली सोबत पाठवतेय. मुकाट्यानं राहा.

दोघांवर माया आहे, भांडलात तरी राहील.
तुमची आत्या

सारापिकी, ५ मे

ती. आत्याबाईंस,
एलिएसरचा सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. योर्लेनी मागे उभी राहून खिदळतेय.

तुमचं पत्र ऐकून खरं तर रागच आला. तरातरा झाडाखाली गेलो. नर पिल्लांना भरवून बाहेर आला आणि त्यानं फळाची बी टपकन माझ्या टोपीवर टाकली. योर्लेनी हसून हसून खाली बसली. मग मलाही हसू आवरेना. झाडू घेतला आणि तुमचं घर झाडायला गेलो. लग्न पंचवीसलाच झालं. ही इतकी नाचली की चपलेचा पट्टा तुटला.

काल शेवटचं पिल्लू उडालं. मी करवत काढली, तर ही म्हणते, जोडपं पुढच्या वर्षी बहुतेक इथेच येईल. करवत परत ठेवली.

म्हणून लिहितोय. किल्ली तुम्ही आपणहून दिलीत, मी मागितली नव्हती. आता मागतोय, जन्मात पहिल्यांदा. आत्याबाई, आणखी एक वर्ष राहू द्याल का?

मायेत ठेवावं.
तुमचा एलिएसर