बोराएवढी पानथरी आणि माझ्या माघारी फोडायचा लिफाफा

मु. पो. तेर, वैशाख, १९८७

सोयरे नानासाहेब, मु. येडशी, यांस तुमचा व्याही उत्तरेश्वर याचा रामराम. (पोटाला टाके आहेत, म्हणून फार वाकून घातलेला नाही, राग मानू नये.)

तुमचा गुडघा काय म्हणतो? विहीणबाई भिमाबाईंचा दमा या धुरळ्यात वर आला नाही ना? आमची मुक्ता, म्हणजे आता तुमचीच सून, वेळेवर जेवते का? जावई रामकिसनरावांचा खोकला? नातीचा कान फुटला होता, तो कोरडा झाला का? तांबड्या गाईला छावणीतलं उसाचं वाढं मानवलं का? आणि तुमच्या चष्म्याची काच तडकली होती, ती अजून बसवली नाही ना? (घाई करू नका. उन्हाळ्यात डोळ्याला विश्रांती बरी.)

आता माझं. मी जगणार आहे. हे वाचून तुम्हाला जेवढा धक्का बसेल त्याच्या दुप्पट मला बसलाय आणि अजून उतरलेला नाही.

झालं असं, की फाल्गुनात टँकरवरून घागर उचलताना डाव्या बरगडीखाली अशी कळ आली की घागर एकीकडं न मी एकीकडं. (पाणी सांडलं म्हणून बायका माझ्याआधी घागरीकडं धावल्या. दुष्काळात माणसाची किंमत कळते.) घरात आमच्या कारभारणीनं, सारजानं, ओवा दिला, हिंग दिला, शेवटी बिब्बाही घातला. काही उपयोग होईना तेव्हा सोलापूर गाठलं. तिथं डॉक्टरांनी पोटावर थंडगार चिकट काहीतरी चोपडलं आणि मोजणीदार शेतात साखळी फिरवतो तसं एक यंत्र फिरवायला लागले. फिरवता फिरवता गप्प झाले. डॉक्टर बोलतोय तोवर माणूस बरा असतो, नानासाहेब. मग म्हणाले, स्वादुपिंडाच्या शेपटाला बोराएवढी गाठ आहे, लक्षण चांगलं नाही, कापावी लागेल. साठ वर्षं या अंगात राहिलो, पण आत स्वादुपिंड नावाचा कुणी भाडेकरू आहे आणि त्याला शेपूट आहे, हे मला त्या दिवशी कळलं!

मी तर आटोपलंच धरलं. गावात बातमी माझ्याआधी पोचली. आपल्या दूध संघाच्या सेक्रेटरीनं दुखवट्याचा ठराव आगाऊ लिहून ठेवला आणि भेटायला आला तेव्हा पिशवीतून तो नेमका खाली पडला. मी वाचला. ‘मनमिळाऊ’ राहून गेलं होतं, ते माझ्या हातानं घातलं. ऑपरेशनला रक्त लागलं. घरातल्या एकाचंही जुळेना. जुळलं कुणाचं, तर शंकरप्पाचं. व्हय, तोच आपला जुना डायरेक्टर शंकरप्पा. न बोलावता एसटीनं आला, बाटलीभर रक्त दिलं आणि ‘तात्या, आता तुम्ही माझ्यावाणी तिखट खाणार बघा’ म्हणून हसत गेला.

गाठ काढली, तपासायला पाठवली. नवव्या दिवशी डॉक्टर कागद घेऊन आले. चेहरा असा, की परीक्षेत मास्तरच नापास झालाय. म्हणाले, “बाबा, ही गाठच न्हाय. ही पानथरी आहे, प्लीहा.” मी म्हणालो, माझी पानथरी काढली? तर म्हणे, तुमची मोठी पानथरी जागेवर शाबूत आहे. पण काही माणसांत आईच्या पोटातच तिचा एखादा तुकडा वेगळा होतो आणि शेजारीपाजारी जाऊन राहतो. तुमचा स्वादुपिंडात शिरून बसला. यंत्राला तो थेट गाठीसारखा दिसतो. काचेखाली बघितल्याशिवाय ओळखू येत न्हाय. म्हणजे बघा, आपलाच गरीब माणूस शेजाऱ्याच्या ओसरीवर गपचूप बसला होता, आणि आम्ही चोर म्हणून धरून त्याला बाहेर काढला! “मग कळ कशाची होती?” विचारलं, तर म्हणाले, “घागरीची. स्नायू लचकला होता.”

सारजा तेव्हापासून माझ्याशी बोलत न्हाय. तिनं माझ्यासाठी लाल मिरची सोडली होती.

असो. सर्वांस आशीर्वाद.

तुमचा,
उत्तरेश्वर

ता. क. : ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रामकिसनरावांच्या हाती तुमच्यासाठी एक लिफाफा दिला होता. वर ‘माझ्या माघारी फोडावा’ असं लिहिलंय. मी आता माघारी न्हाय, पुढंच आहे. तेव्हा तो न फोडता परत करावा. आत काही विशेष न्हाय.

आणखी ता. क. : वरचं लिहून डिंक लावणार, तेवढ्यात शंकरप्पा दूध घेऊन आला. भर दुपारच्या उन्हात. मी म्हणालो, सांजच्याला यायचं. तर म्हणाला, “सांजच्याला नानासाहेब आले असते तर? मला बघून ते दारातनंच फिरतात, तात्या. तुमची भेट कशाला चुकवू?” माझ्या अंगात त्याचं रक्त आहे, नानासाहेब. ते उसळलं.

लिफाफा परत करू नका. फोडा. काच तडकलेली असेल तर हे इथंच वाचा, मोठ्या अक्षरात लिहितो. शहात्तर साली संघातली तुमची चेअरमनकी एका मतानं गेली. फुटलेलं मत माझं न्हाय, असं शंकरप्पानं बेलभंडारा उचलून सांगितलं, तरी अकरा वर्षं तुम्ही त्याचं पाणी घेतलं न्हाय. ते मत माझं होतं. कारण त्याच्या आदल्या साली मुक्ताच्या लग्नात तुम्ही चारचौघांत म्हणाला होता, आमटी पातळ आहे. (पातळ नव्हती.)

पत्राचं उत्तर लवकर लिहा. मला शिव्या घालायच्या असतील तर बंद पाकिटातून घाला, कार्ड पोस्टमन वाचतो. शंकरप्पाला मात्र कार्डच लिहा.