खिडकीतली काळी मेणबत्ती

मंगळवार, ३ नोव्हेंबर

आज पुन्हा खोटं बोलले. कॉफी उतू जाऊन करपली. सासूबाई म्हणाल्या, "काय घाण वास सुटलाय." मी लगेच म्हटलं, "हो ना, डोकं उठलं." मला काडीचाही वास आला नव्हता. त्या तापाला चार महिने झाले, नाक अजून दगड.

वास परत आला, असं दीड महिन्यापूर्वी मीच जाहीर केलं होतं. करणार काय? मुलगी दिवसभर काही ना काही नाकाखाली आणून धरायची— साबण, लसूण, बापाचे मोजे. "आता? आता येतोय?" नाही म्हटलं की चेहरा उतरायचा. नवरा डॉक्टरांना फोन लावत बसायचा. एका संध्याकाळी मोज्यांना म्हटलं, "शी, ने ते इथून!" घरात इतका आनंद झाला की मागे फिरायची सोयच राहिली नाही.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

एक मात्र लिहून ठेवलंच पाहिजे. या आजारपणानं घराला वळण लावलं. नवरा सकाळी उठून दूध तापवतो, स्वतः घोटभर पिऊन बघतो आणि मग माझा कप भरतो. चौदा वर्षांत याला दुधाचं पातेलं कुठलं ते माहीत नव्हतं. सासूबाई माझ्याआधी स्वयंपाकघरात हजर, गॅसची शेगडी त्याच पेटवतात. मुलगी फ्रिजमधल्या डब्यांवर तारखा चिकटवते. मी काही बोललेच नाही. उगाच दृष्ट लागायची.

नाक गेलं, पण माणसं हाताशी आली. वाईट सौदा नाही.

शनिवार, ७ नोव्हेंबर

शेजारीण आली होती. बसल्या बसल्या म्हणाली, "तुमच्या या खोलीत ओल आली आहे का हो? जरा कुबट येतंय." मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगला वास आणि घाण वास, मला दोन्ही सारखेच.

मेणबत्ती आणायची ठरवली. वासाची. फुलांची नको, गोडमिट्ट तर मुळीच नको. गडद, लाकडी. बाबा सुतारकाम करायचे. त्यांच्या शेडमध्ये भुसा, सरस, पॉलिश आणि जुन्या फळ्या यांचा मिळून एक वास होता. तो मला आठवतो, पण येत नाही. डॉक्टर म्हणालेच होते, रोज एकच ओळखीचा वास घेत राहा, नाकाला सवय लावा, कदाचित उघडेल. उघडलंच तर पहिला तो यावा. ही इच्छा फक्त या वहीला माहीत.

सोमवार, ९ नोव्हेंबर

मेणबत्त्यांच्या दुकानात जाऊन आले. दुकानदारीण एकेक झाकण उघडून पुढे करी आणि मी डोळे मिटून "हं... हं..." नाकानं कांदे सोलणाऱ्या बायकांसारखं तोंड केलं होतं. "यात धूर थोडा जास्त आहे, ताई." म्हटलं, "हो, जाणवतोय." नेमकं तेव्हा दुसरं गिऱ्हाईक आलं, सुटले. चिठ्ठ्या वाचत फिरले. खिडकीत एक काळ्या काचेची होती— देवदार, राळ, धूर. रूपानंच जिंकलं. उचलली, गल्ल्यावर दिली, बिलावर फोन नंबर लिहून बाहेर.

संध्याकाळी लावली. नवरा म्हणाला, "वा! अगदी बाबांची शेड." मुलगी म्हणाली, "जंगलात आल्यासारखं वाटतंय." आणि सासूबाई! माझ्या लग्नात माझ्या गाण्याला चारचौघांत बेसूर म्हणाल्या होत्या त्या. पोटात काही ठेवायची सवयच नाही. त्या म्हणाल्या, "बरा आहे हो. डोक्यात जात नाही." त्यांच्या तोंडचं "बरा" म्हणजे दुसऱ्यांचा हार.

निदान घर तरी छान दरवळतंय. आनंद झाला. थोडं रडूही आलं.

बुधवार, ११ नोव्हेंबर

काही नाही.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

मी डोळे तपासते त्या चष्म्याच्या दुकानात आज एक आजोबा तक्ता पाठ करून आले होते. गाडीचा परवाना जाईल ही भीती. मी फक्त तक्ता बदलला, तर गडी जुनीच अक्षरं म्हणत सुटला. असले लोक मला लगेच कळतात— ते फार भराभर वाचतात. इतर वेळी हसले असते. आज त्यांच्याशेजारी बसून राहिले.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

आठ दिवस झाले. रोज दहा मिनिटं मेणबत्तीपुढे. एवढा दाट वास, सगळ्यांना येतो, आणि मला तसूभर नाही. म्हणजे हे नाक आता उघडणार नाही. बाबांची शेड गेली ती गेलीच. एकदा ठरवून टाकलं की सोपं जातं म्हणतात. उद्यापासून बसणार नाही.

रागवायचं मात्र नाही. या घरानं मला काय कमी दिलंय?

बुधवार, १८ नोव्हेंबर

दुकानदारिणीचा फोन. "ताई, तुम्ही खिडकीतली नेलीत हो! उन्हानं वास उडतो म्हणून तिथे आम्ही नुसत्या मेणाच्या ठेवतो. तिला वासच नाही. तुमच्या लक्षात कसं नाही आलं? खरी काढून ठेवलीये, या घ्यायला."

फोन ठेवला. दूध. शेगडी. तारखा. आणि ही मेणबत्ती— त्या आजोबांसारखी किती भराभर वाचली होती तिघांनी!

बाहेरच्या खोलीत सासूबाई काडी ओढत होत्या. "ये गं, बस. आज जरा जास्तच दरवळतोय."

जवळ जाऊन बसले. म्हटलं, "आई, मला वास येत नाही."

त्यांनी काडी विझवली. माझा हात हातात घेतला.

"मलाही नाही गं येत."