चिकट रबर, उभा, सहा इंची

वरसे, रोहा
सोमवार, १२ जानेवारी

तीर्थरूप वृंदाताईस,

धाकट्या बाळचा वाकून नमस्कार (कंबर हल्ली जेवढी परवानगी देते तेवढाच वाकलोय, उरलेला गृहीत धर).

मनगट कसं आहे? प्लास्टर काढून तीन महिने झाले. डॉक्टर म्हणतात हाड छान जुळलंय, आणि तू म्हणतेस डॉक्टरांना काय कळतंय. गरम पाण्यात हात बुडवून मूठ उघडमीट करायला सांगितलं होतं, ते करतेस की पाणी तसंच भांड्यांना वापरतेस? इकडे आम्ही उभयता ठीक. हेमांगीचा खोकला गेला. माझी भूक अजून गेलेली नाही, त्यामुळे तीही ठीक आहे म्हणायची.

फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. फोनवर मी टेबल टेनिसचा 'टे' काढला की तुझ्या कुकरची शिट्टी होते आणि तू फोन ठेवतेस. (सकाळी सात वाजता, दुपारी चारला आणि एकदा एकादशीलासुद्धा तुझा कुकर लागलेला होता.) पत्र मात्र तू शेवटपर्यंत वाचशील, कारण तेहतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शोधल्याशिवाय कागद खाली ठेवता येत नाही. म्हणून अधूनमधून एखादी चूक मुद्दाम ठेवली आहे.

तर येत्या रविवारी, अठरा तारखेला, पेणला ज्येष्ठांच्या मिश्र दुहेरीचे सामने आहेत. दोघांच्या वयाची बेरीज एकशे वीसच्या वर हवी, ही तीच स्पर्धा. अकरा वर्षं आपण दोघं त्यात उतरलो. दोनदा जिंकलो आणि सात वेळा पहिल्याच फेरीत घरी आलो. श्रावणात तू न्हाणीघरात पडलीस आणि मग एक दिवस म्हणालीस, "बाळ, माझा खेळ संपला." इतक्या शांतपणे म्हणालीस की मला राग आला. रडली असतीस तर मला काहीतरी बोलता तरी आलं असतं. असो. तुझा निर्णय मी मान्य केलेला आहे. मला नवीन जोडीदार मिळाली आहे. इथल्याच हौसाताई, वय बासष्ट, रोज पहाटे उठतात, हातापायांनी अतिशय चपळ. तेव्हा तू अजिबात काळजी करू नकोस. हे पत्र केवळ माझ्या बॅटीच्या रबराविषयी आहे.

त्याचं असं झालं, की माझं मनगट दुखायला लागलं. (उजवं. वयोमानानुसार दुखतं, कारण विचारू नकोस.) जोरात मारलं की कळ येते आणि हळू मारलं की चेंडू जाळीत जातो. आमच्या क्लबातल्या कमळाकरने ताबडतोब उपाय सांगितला: बूस्टर. हा कमळाकर धाटावच्या कंपनीतून निवृत्त झाला तरी अजून मनाने शिफ्टमध्येच असतो, कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे काहीतरी पातळ पदार्थ असतो. बूस्टर म्हणजे एक प्रकारचं तेल. रबर बॅटीवर चिकटवण्याआधी त्याच्या स्पंजला ते पाजायचं, मग स्पंज फुगतो, रबर पापडासारखं वाकतं आणि चेंडू सुसाट सुटतो. महिन्याभरात तेल उडून जातं की पुन्हा पाजायचं. शिवाय नियमात ते बसत नाही. मी कमळाकरला म्हटलं, हे मला नको. तर म्हणाला, "बाळासाहेब, नियम तरुणांसाठी असतात, आपल्याला कोण तपासतंय?" मी त्याच्या बॅटीने चार चेंडू मारून पाहिले. तीन टेबलापार गेले आणि चौथा पाणी प्यायला बसलेल्या गृहस्थांच्या तांब्यात. दुखऱ्या मनगटाला एवढी घाई नको, हे माझं मत तिथेच पक्कं झालं.

(हेमांगीने शेजारच्या धोंडुबाईंना सांगितलं, "ह्यांना बूस्टर नकोच आहे." तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातली बाई वही घेऊन दारात हजर. लस का घ्यावी हे तिने मला अर्धा तास समजावलं. मी शेवटी बॅट आणून दाखवली, तेव्हा तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि हेमांगीकडे फार सहानुभूतीने पाहिलं.)

मग मी शौनकला पुण्याला फोन केला. तुझा मुलगा आहे म्हणून सांगत नाही, पण एवढ्या संयमाने मला कुणीच काही समजावलेलं नाही. तो म्हणाला, "मामा, तुला चिकट रबर हवं." वरचा पापुद्रा इतका चिकट की चेंडू क्षणभर धरून ठेवतो, जोर न लावता नुसतं घासलं तरी फिरकी मिळते. पण अशा रबरांचा स्पंज बहुतेक दगडासारखा टणक असतो, आणि तो जिवंत करायलाच लोक तेल पाजतात. तेव्हा वरून चिकट आणि आतून मऊ, असं बघायचं. मऊ स्पंज तेलावाचून चालतो. मी ते कागदावर लिहून घेतलं: वरून चिकट, आतून मऊ, तेल नको. हेमांगीने कागद वाचला आणि म्हणाली, "वरून चिकट तर घरात आधीच आहे, आतून मऊ अजून सापडायचंय."

पनवेलच्या खेळांच्या दुकानात फोन केला. विचारलं, "चिकट रबर आहे का?" दुकानदार दुखावल्या आवाजात म्हणाला, "नाही हो काका, आमच्याकडे पावसाळ्यातला जुना माल नसतो, सगळं ताजं आहे." आपल्या कोकणात रबराची वस्तू चिकट झाली म्हणजे गेली, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याला समजावून सांगावं, तर तो मला सूट देऊ लागला.

आणि मग मला, देवाने दिलेल्या बुद्धीला स्मरून, पेणला तुझ्या परसात कारखाना थाटलेल्या निलेशची आठवण झाली. गणपतीच्या कारखान्यासाठी तो दर आठवड्याला रंग आणायला मुंबईला जातो, तेव्हा येताना खेळाच्या दुकानातून घेऊन येईल, असा माझा साधा हिशोब. फोन केला. हे संभाषण मी जसंच्या तसं देतो, कारण त्यात माझी चूक कुठे झाली ते मला अजून सापडलेलं नाही.

मी म्हटलं, "निलेश, मला एक रबर हवंय."
"देतो की. किती इंची?"
बॅट डोळ्यांपुढे आणून म्हटलं, "सहा."
"उभा का बसलेला?"
मला वाटलं, वयाकडे पाहून चौकशी करतोय. म्हटलं, "उभा. अजून तरी उभाच."
"बरा. तेलाचा डबा देऊ संगती?"
"अजिबात नको. तेल न लावता चालायला हवं. आणि चांगलं चिकट बघ."
मग म्हणाला, "काका, चिकट कशाला? तेल नाय लावलं तं सुटंल कसा?"
"सुटायलाच नकोय मला," मी म्हटलं, "धरून ठेवायला हवं."
"बरा," निलेश म्हणाला, "तुमी शिकलेली मानसं, तुमाला म्हाईत."

पाच दिवसांनी त्याचा मेव्हणा धाटावला शिफ्टला येताना पुडकं घेऊन आला. (वडखळला तासभर अडकला होता, तरी पुडकं मांडीवर धरून बसला होता, इतकी माणसं चांगली.) मी ते घरी उघडलं नाही. थेट क्लबात नेलं, सगळ्यांना टेबलाभोवती गोळा केलं, आणि बूस्टर न लावताही माणूस कसा खेळू शकतो यावर चार शब्द बोललो. कमळाकर मनाचा मोठा, त्याने ब्रश आणि गोंद काढून ठेवला होता. वर्तमानपत्र उलगडलं. आतून एक पिवळसर, लिबलिबीत पिशवी निघाली. कुणालाच काही कळेना. कमळाकरने ती उलटी केली, बोटं आत घातली, तशी पिशवीला सोंड आली, मग कान, मग आशीर्वादाचा हात. गणपतीचा साचा! सहा इंची, उभा. पेणच्या कारखान्यात साच्यालाच रबर म्हणतात, हे मला तुझ्या घरी अकरा वर्षं दर शनिवारी सरावाला येऊन माहीत नसावं?

कमळाकर बराच वेळ बॅट आणि साचा आळीपाळीने पाहत होता. मग म्हणाला, "बाळासाहेब, यावर गोंद नको, नमस्कारच करूया." आम्ही केला. निलेशला फोन केला तर म्हणाला, "माजा पन डोस्का चालंना काका, चिकट साचा मागनारा मानूस जल्मात पयल्यांदा बगितला. मूर्तीचं कान रबरातच ऱ्हातील, म्हनलं." त्याने पैसे घेतले नाहीत, मी साचा परत केला, आणि हसून हसून माझी बरगडी दोन दिवस दुखली. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे तुला सांगायला हवं, आणि फोन उचलला, आणि तुझ्याकडे कुकर लागला होता.

अखेर खरं रबर शौनकनेच पाठवलं. लाल बाजूला चिकट, मऊ स्पंजाचं. काळ्या बाजूला जुनंच ठेवलं आहे. काल रात्री जेवणं झाल्यावर लावलं. बॅट उलटी धरून खाली चेंडू टेकवला, हात काढला, तर चेंडू लटकून राहिला! हेमांगीने मोजलं, सात आकडे झाले तरी पडेना. आठव्याला पडला. आज सकाळी खेळून पाहिलं, रबर घाई करत नाही, चेंडू जिथे म्हणशील तिथे जातो. त्याला धूळ चालत नाही, ओल्या फडक्याने पुसून वरून प्लास्टिकचा कागद लावावा लागतो, एवढीच त्याची सेवा. एकूण मी समाधानी आहे.

तर हे असं. हाताला जप. निलेशला आशीर्वाद, आणि न्हाणीघरात पायपुसणं टाकत जा.

तुझा,
बाळ

ता. क. हौसाताई आहेत, पण त्या आमच्या दूधवाल्याच्या मातोश्री आहेत. पहाटे उठतात हे खरं, चपळ आहेत हेही खरं. टेबल टेनिसबद्दल त्यांना किंवा त्यांच्याबद्दल टेबल टेनिसला काहीही कल्पना नाही.

ता. क. २. माझं मनगट उत्तम आहे. वर जिथे जिथे ते दुखतंय, तिथे तिथे तुझं समजून पुन्हा वाच. "नुसती धूळ खातेय" म्हणून दिवाळीत तू शौनकच्या हाती बॅट दिलीस, ती पुण्याला गेलीच नाही, रोह्यालाच उतरली. रबर तिच्यावर लावलंय. त्याला रागावू नकोस, त्याला मी भरीला घातलं.

ता. क. ३. प्रवेशिका डिसेंबरातच भरली. आपल्या दोघांच्या नावाने. नाव मागे घ्यायची मुदत काल, रविवारी, संध्याकाळी पाचला संपली, म्हणून पत्र आज लिहिलं.

ता. क. ४. दुहेरीत आळीपाळीने मारावं लागतं, नाहीतर म्हटलं असतं तू नुसती उभी राहा, सगळे चेंडू मी मारतो. ते करता येत नाही, म्हणून हा सगळा उपद्व्याप. ताई, आपण जिंकणार नाही, हे मलाही दिसतंय. पण ऑगस्टपासून मी एकाही शनिवारी पेणला आलेलो नाही. स्टेशनपर्यंत दोनदा गेलो आणि परतलो. सराव नाही तर कशासाठी जातोय, हे मलाच सांगता येईना. नुसतं बहिणीला भेटायला म्हणून निघायचं आपल्या घरात कुणाला जमलेलंच नाही. रविवारी नऊला हॉलवर ये. पहिल्याच फेरीत हरू. हरल्यावर मला चार शब्द सुनावायला तू हवीस, ते दुसऱ्या कुणाला नीट येत नाही.