सामाईक बोट उचलू नये

मी, गेणभाऊ रखमाजी टेमगिरे, राहणार अवसरी बुद्रुक, तालुका आंबेगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. हृदय अधू झाले आहे, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

राहते घर पत्नी इंद्रायणी हिच्या नावे. ती भजनी मंडळात गाते आणि मी तिच्यामागे गिटार वाजवतो, हेच आमच्या संसाराचे सुख. विहिरीजवळची जमीन मुलगा सुदर्शन ऊर्फ पप्पू याला. गिटार मात्र त्याला नाही. तो पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत एकच ठेका बडवतो, गाणाऱ्याला दम घ्यायला जागा ठेवत नाही. पोरगा गुणी आहे, पण हे खरे आहे.

गिटार सून वृषाली हिला. मी गिटार मंडळात आणली तेव्हा पखवाजवाले बाळासाहेब चारचौघांत म्हणाले होते, "राव, हे वरातीत न्या." ते मी विसरलेलो नाही. पण त्यांचा पखवाज ऐकूनच मी कमी वाजवायला शिकलो. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील सांगतात, म्हणून त्यांचे फक्त मनापासून आभार.

वृषालीला सूचना: एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना जो सूर दोन्हींत आहे, त्यावरचे बोट उचलू नये. बाकीची बोटे जवळच्या जवळ सरकवावीत. इंद्रायणी त्याच सुराला धरून गाते. पहिल्या कडव्याला मोजके वाजवावे, पुढे ठेका भरत न्यावा, आणि ती श्वास घेईल तिथे हात थांबवावा.

माझ्या दशक्रियेला पुढाऱ्यांची भाषणे नकोत, कावळा ताटकळतो. वृषालीने वाजवावे, इंद्रायणीने गावे.

हे वाचून इंद्रायणी म्हणाली, "तुमच्यामागं मी न्हाई गाणार. कुणाच्या जिवावर गाऊ?"

तिचे गाणे माझ्याबरोबर संपू नये, एवढ्यासाठीच तर मी लिहायला बसलो होतो. म्हणून काल वृषालीला ओट्यावर वाजवायला बसवले. ती दोनदा चुकली, पण ते बोट तिने उचलले नाही. दुसऱ्या कडव्याला इंद्रायणी गाऊ लागली.

आयुष्यभर मी तिच्या श्वासावर लक्ष ठेवून वाजवत आलो. काल पहिल्यांदाच हात रिकामे ठेवून तिला ऐकले. फार गोड गाते. दशक्रियेचे वरील कलम कायम ठेवले आहे.

सही: गेणभाऊ रखमाजी टेमगिरे

साक्षीदार:
१. बाळासाहेब हिंगे, अवसरी बुद्रुक
२. रमणलाल भंडारी, मंचर (पुण्याहून गिटारच्या तारा आणून देणारे)

ठिकाण: अवसरी बुद्रुक
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५