नारळ वाचला, मनगट गेलं

बूढापारा, रायपूर
शनिवारी सुरू केलं, संपेल तेव्हा संपेल

तीर्थस्वरूप कौमुदीताईच्या चरणी धाकट्या कलावतीचा सप्तांग नमस्कार. (आठवं अंग प्लास्टरमध्ये आहे. बरं झालं की उरलेला नमस्कार पाठवीन.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींची साखर उतरली का? अक्षर पाहून दचकू नको. माझा उजवा हात मॅट्रिक पास आहे, पण डाव्याचं नाव आत्ताच पहिलीत घातलं आहे, चार ओळी झाल्या की रडायला लागतो. फोन केला असता, पण तुमची अपर्णा सूनबाई फोन स्पीकरवर ठेवते, आणि माझं दुखणं कुकरच्या शिट्ट्यांसोबत घरभर वाटलं जातं. तुले काळजी नको म्हणून आधीच सांगते, माझं छान चाललं आहे. मुद्दाम येऊ नकोस.

झालं असं, की निरंजन हैदराबादहून गेल्या दिवाळीलाही आईकडे आला नाही, तेव्हा मी मारुतीला नवस बोलायचं ठरवलं. लोक काम झाल्यावर नारळ फोडतात. पण नवरात्र आलं की नारळ महागतो, म्हणून मी स्वस्ताईतच घेऊन आगाऊ वाहायला निघाले. (देवाचीही उधारी कशाला ठेवायची.) शनिवार असल्यानं देवाच्या अंगावरचं तेल गाभाऱ्याबाहेर फरशीपर्यंत आलेलं. पाय सटकला. वाहायचा नारळ जमिनीला लागू नये म्हणून डावा हात वर धरला आणि साऱ्या देहाचा भार उजव्या तळव्यावर घेतला. नारळ फोडायला गेले होते, फुटलं मनगट. दारातली फुलवाली धावत आली आणि तिनं आधी नारळ पाहिला. "हव दाई, नरियर त बाँच गे!" नारळ वाचला म्हणून मलाही त्या घटकेला बरंच वाटलं.

चौकातल्या एका दवाखान्यात फोटो काढला. मुरगळलं आहे म्हणाले, पट्टी बांधून दिली. (पट्टी चांगली आहे, धुऊन ठेवली आहे.) मी तशीच पोळ्या लाटत राहिले. मग बोटांना मुंग्या येऊ लागल्या, पेला हातातून सुटू लागला, तेव्हा मोठं इस्पितळ गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी तोच फोटो उजेडात धरून समजावलं, की मनगटात आठ लहान हाडं असतात, दोन ओळींत, आपल्या देव्हाऱ्यातल्या देवांसारखी दाटीवाटीनं. त्यातलं चंद्रकोरीसारखं एक जागा सोडून तळव्याकडे सरकलं होतं, आणि अंगठ्याकडचा त्याचा शेजारी मोडला होता. "माताजी, आपका चाँद खिसक गया है." बघ ताई, दर संकष्टीला मी चंद्रासाठी गच्चीवर उपाशी ताटकळते, आणि माझा घरचाच चंद्र रस्ता चुकलेला! त्याखाली शीर दबत होती, उशीर केला तर बोटं बधिर राहतील म्हणाले. मी विचारलं, नुसतं ओढून नाही का बसवता येणार? (कापाकापी नाही, टाके नाहीत.) म्हणाले, बसेल, पण टिकणार नाही, शेजाऱ्यांशी बांधून ठेवणाऱ्या दोऱ्याच तुटल्या आहेत. मग मनगट उघडून चंद्र जागेवर ठेवला, मोडलेल्या शेजाऱ्याला स्क्रू घातला, दोऱ्या शिवल्या, आणि सगळं जुळून येईपर्यंत कोणी पळू नये म्हणून आडव्या तारा रोवल्या. स्क्रू आतच राहील. तारा काढतील तेव्हा मला द्या असं सांगून ठेवलं आहे, तुळशीच्या रोपट्याला टेकू द्यायला होतील.

आणि निरंजन आला! ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विमानानं आला. शुद्धीवर आले तेव्हा एका हातानं माझा डावा हात धरून, दुसऱ्या हातानं ऑफिसचं टाईप करत बसला होता. मायलेक दोघं एकहाती. टाके सुकायच्या आत परतही गेला, बिचाऱ्याला रजाच नव्हती. मारुतीची चूक नाही. पोरगा येऊ दे एवढंच मी बोलले होते, कशापायी आणि किती दिवस ते सांगायचं राहिलंच. तो नारळ अजून देव्हाऱ्यात आहे. नवस माझा, तर फोडायचा माझ्याच उजव्या हातानं. हलवून पाहते, पाण्याचा आवाज दिवसेंदिवस कमी होऊन राहिला आहे.

बाकी सगळं जमतं. देवांना डावा हात कसा लावू, म्हणून वरून पाणी ओतते आणि सांगते, आज तुम्हीच अंग चोळून घ्या. खिचडी एका हातानं होते, आणि एकटीला लागते तरी किती? अडतं ते फक्त केसांशी. ऑपरेशनआधी नर्सबाईनं माझ्या दोन वेण्या घातल्या होत्या, शाळेतल्या पोरीसारख्या, टोकाला पट्टीच्या चिंध्या. कोणाचा तरी हात लागला होता ना, म्हणून जटा होईपर्यंत मी त्या सोडल्याच नाहीत. मग कंगवा दाराच्या कडीत अडकवून डोकं फिरवून पाहिलं, तर केस राहिले बाजूला आणि दारच उघडलं. समोर शेजारची निधी. पोट्टी पोट धरून हसली, मग तिनंच कडीतून कंगवा सोडवला. म्हणाली, "आंटी, छोटे करवा लो ना, मैं ले चलती हूँ." निरंजनला फोनवर विचारलं, तर तोही म्हणे, "आई, कटवा ले, झंझट खतम." (माझ्याशीही आता हिंदीतच बोलतो.) झंझट खरीच आहे. पण आई गेल्यावर हे केस तूच वाढवलेस, ते न विचारता कसे कापू?

भाऊजींना नमस्कार, अपर्णाला आशीर्वाद, तोही एकाच हातानं.

तुझी,
कलावती

ता. क. पुन्हा लिहिते, येऊ नकोस. वर्ध्याहून गाडीत फार गर्दी असते आणि तुझे गुडघे असे.

ता. क. गर्दी दुपारच्या गाडीला कमी असते म्हणतात. मी आपली सहज चौकशी केली.

ता. क. निधी पुढच्या रविवारी मला केस कापायला नेणार होती. मी तिला सांगून टाकलं, काही गरज नाही, माझी ताई येऊन राहिली आहे. तोंडून गेलं खरं, आणि नेमकी त्या दिवशी संकष्टी. उपासाच्या दिवशी ते खोटं ठरलं तर पचायचं नाही गं. ते खरं करणं आता तुझ्याकडे. येताना लाडू-बिडू काही बांधून आणू नकोस. तुझे दोन हात पुरे.