दोन हुकांचा जिना

१ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. प्रॉडक्शन हेड झालेल्या माणसाने विचार लिहून ठेवावेत. पुढे कुणी विचारलं, हे जमवलंत कसं, तर तारखा हाताशी असाव्यात.
सकाळी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. काँक्रीटच्या तयार जिन्यांची मोठी ऑर्डर आली आहे. साडेचारशे नग, जानेवारीअखेर. सध्या दिवसाला चार निघतात. मालक म्हणाले, सहा काढावे लागतील, पण नवीन शेड नाही, नवीन माणसं नाहीत. मी म्हणालो, आठ काढतो.
कसे, ते जेवल्यावर सुचलं. स्टँडर्डायझेशन. सगळं एकसारखं. एक माल, एक वेळ, एक पद्धत.

५ नोव्हेंबर
बारा प्रकारचे साचे होते, तीनवर आणले. बाकी नऊ प्रकारचे साचे शेडमागे उलटे टाकले. त्यांच्याकडे बघून बरं वाटलं.
पुढचा मुद्दा हुकांचा. जिना क्रेनने उचलायला काँक्रीटमध्ये लोखंडी हुक पुरतात. छोट्या जिन्याला दोन, मोठ्याला चार. हा घोळ कशाला? आजपासून सरसकट दोन.
फिटरकाका, म्हणजे साचे बांधणारे आमचे सर्वांत जुने कारागीर, म्हणाले की मोठा जिना तीन टनांचा आहे, दोन हुकांवर तो सगळा भार येईल. मी त्यांना समजावलं की पूर्वी लोक प्रमाणाबाहेर काळजी करत. काकांनी मान हलवली. पटलं असावं.

१३ नोव्हेंबर
साचा सोळा तासांनी खोलायचे. आता नऊ तासांनी. म्हणजे एका साच्यातून दिवसाला दोन जिने. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही याचं आश्चर्य वाटतं.
लॅबवाल्या बाई आल्या. प्रत्येक घाण्यातून काँक्रीटचे ठोकळे करून मशीनवर फोडायचे आणि ताकद किती आली ते रजिस्टरमध्ये लिहायचं, हे त्यांचं काम. त्या म्हणाल्या, जिना उचलायला ताकद कमीत कमी पंधरा लागते. नऊ तासांनी अठरा भरली, पण हवा गरम आहे म्हणून भरली. मी फक्त अठरा ऐकलं. मॅनेजरने नेमकं ऐकायला शिकलं पाहिजे.

२४ नोव्हेंबर
आठ. सलग चौथा दिवस. मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. घरी सांगितलं. बायको म्हणाली, छान, आणि तिच्या भावाचं विचारलं. तो आमच्याकडेच क्रेनवर आहे, मीच लावला. म्हटलं, मजेत आहे. आहेच. फक्त आज म्हणत होता, भाऊजी, उचलताना जिना बारीक आवाज करतो. कसला, विचारलं तर त्याने दाताने कट् करून दाखवलं. क्रेनवाल्यांना दिवसभर एकटं बसून असे भास होतात.

२ डिसेंबर
थंडी पडली. सकाळी यार्डातल्या पत्र्यावरून पाणी ठिबकतं. माल आळायला वेळ लागतोय.
बाईंचे आकडे बिघडले. शनिवारी तेरा, काल अकरा, आज दहा. रोज वेगळा आकडा म्हणजे स्टँडर्डायझेशनला सरळ सुरुंग. त्यांना सांगितलं, ठोकळे फोडणं बंद, रोज स्टँडर्ड व्हॅल्यू लिहा. अठरा. त्यांनी विचारलं, हे लेखी द्याल का? मी म्हणालो, विश्वासावर कामं होतात.
त्यांनी पेनाला टोपण लावून खिशात ठेवलं.

९ डिसेंबर
हुकाभोवती केसासारख्या रेषा दिसतात. अकरा जिन्यांवर. फिटरकाकांनी एकीत नख घातलं. नख गेलं. मी म्हटलं, नखं कापा.
उपाय केला. सिमेंटचं पाणी करून रेषांवर ब्रश मारायचा. दोन माणसं त्याच कामाला लावली, त्यांना फिनिशिंग टीम म्हणायचं. जिने आता पूर्वीपेक्षा देखणे दिसतात.
आतापर्यंत दोनशे सात तयार, त्यातले एकशे साठ चार साइटवर पोहोचले.

१५ डिसेंबर
आज मेहुण्याने क्रेन बंद करून किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, मोठे जिने मी उचलणार नाही, खाली माणसं असतात. मी म्हटलं, दोनशे उचललेस ना? तो म्हणाला, म्हणूनच सांगतोय.
दारात पाच-सहा जण ऐकत उभे होते. प्रश्न शिस्तीचा होता. उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. नात्यापेक्षा काम मोठं असं मनातल्या मनात म्हटलं आणि जरा भरून आलं.
बायकोने ऐकून घेतलं. मग विचारलं, तो खोटं बोलतो असं वाटतं का तुम्हाला? मी तांत्रिक बाजू समजावून सांगितली. ती मध्येच उठून गेली.

१७ डिसेंबर
नवा क्रेनवाला मिळाला. कमी बोलतो, हा मोठा गुण. बाई आजपासून रजेवर. त्यांच्या मदतनिसाने रजिस्टर भरलं. अठरा.

१९ डिसेंबर, सकाळी ९
माणसं बिचकायला लागली आहेत. जिना वर गेला की सगळे भिंतीला चिकटतात. नऊ मिनिटांचं काम चौदावर गेलं. आज मी स्वतः जिन्याच्या बाजूला उभा राहून दाखवणार. पुढारीपण म्हणतात ते हेच.

१९ डिसेंबर, संध्याकाळी
जिना छातीएवढा वर आला. मी बोलत होतो, भीती ही सवय आहे वगैरे. तेवढ्यात तो आवाज आला. कट्. मेहुण्याने हुबेहूब केला होता.
मग कुणीतरी मला पाठीमागून जोरात ढकललं. तोंडावर आपटलो, चष्मा फुटला. पहिल्यांदा मनात आलं, ही काय पद्धत झाली. वळून बघितलं. एक हुक काँक्रीटचा गोळा घेऊन साखळीला लोंबत होता. जिना तिरका पडला होता. कडेखाली फिटरकाकांचा डावा पाय होता, घोट्यापासून खाली.
काका ओरडले नाहीत. हळू बोलले, जॅक आणा, क्रेन लावू नका, दुसरा हुक पण निघेल. अशा वेळीही डोकं त्यांचंच चालत होतं. बावीस मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होतो, दुसरं काही करता येत नव्हतं.

२० डिसेंबर
अपघाताची कारणं लिहून काढली. थंडी. नवा क्रेनवाला. हुक पुरवणारा. काकांनी मध्ये यायला नको होतं. शेवटचं खोडलं.
चौकशीला सरकारी साहेब आले. रजिस्टर चाळलं, सतरा दिवस ओळीने अठरा. त्यांनी विचारलं, इतकं एकसारखं कसं? मी म्हणणार होतो की हाच तर उद्देश होता. म्हणालो नाही. मग त्यांनी बॅगेतून एक शाळकरी वही काढली. बाईंचं अक्षर. त्यांनी ठोकळे रोज फोडले होते, जेवणाच्या सुट्टीत. दहा, नऊ, अकरा, नऊ. सगळ्या तारखांसकट.
मालक माझ्याकडे बघत नव्हते. उत्पादन आजपासून बंद.

२१ डिसेंबर
हॉस्पिटलात गेलो. काकांचा पाय घोट्यातून काढला. काय बोलायचं ते रिक्षात ठरवलं होतं, खाटेजवळ गेल्यावर आठवेना. काकांनीच विचारलं, जोरात ढकललं, तुमची पाठ दुखते का. नाही म्हटलं.
मग म्हणाले, साइटवर गेलेले जिने बसवून झाले का? मी म्हटलं, काही झाले, काही तिथे रचून ठेवलेत. ते म्हणाले, तिथला क्रेनवाला ते त्याच दोन हुकांना धरून चार मजले वर नेणार. माल आता आळला असेल, पण तडा गेलाय तो गेलाच. आणि तडा दिसणार नाही. ब्रश मारलाय.
जिन्यात येऊन बसलो. हॉस्पिटलच्या. एकशे नव्वद जिने बाहेर गेले आहेत. हा आकडा मी मालकांना तीनदा सांगितला होता, तीनही वेळा हसून.
साइटवर फोन लावले. दोन उचलले नाहीत. तिसऱ्यावर कुणीतरी मागच्या घरघरीतून ओरडून म्हणालं, नंतर करा, लिफ्टिंग चालू आहे.

२२ डिसेंबर
झोप नाही. पहाटे गाडी काढली. ठरवलं की चारही साइटवर स्वतः जायचं, काम थांबवायचं, प्रत्येक जिना दाखवायचा. चूक कबूल करायची, मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर. असं करायला धैर्य लागतं. रस्ताभर भाषण पाठ केलं.
पहिल्या साइटचं फाटक उघडं होतं. सरळ आत घेतली, क्रेनसमोर लावली आणि धावत सुपरवायझरला गाठलं. म्हटलं, थांबवा, आमचे मोठे जिने उचलू नका.
तो म्हणाला, कधीचे थांबवलेत. बाजूला एकतीस जिने रचलेले होते आणि प्रत्येकावर तांबड्या ऑइलपेंटची फुली होती. आज चालू होतं ते विटांचं लिफ्टिंग. त्याने सांगितलं, तुमच्याकडचे दोघं सतरा तारखेलाच येऊन गेले, एक बाई आणि एक क्रेनवाला. एकेक जिना ठोकून बघितला. दिवसभर होते, चहासुद्धा घेतला नाही. बाकीच्या तीन साइट पण त्यांनी केल्या म्हणे.
सतरा. म्हणजे काकांच्या अपघाताच्या दोन दिवस आधी.
सुपरवायझरने विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, कारखान्यातूनच आलोय. भाषणाचं पहिलं वाक्य तोंडाशी आलं होतं, ते सुरू कुठे करावं कळेना. शेवटी विचारलं, मला करण्यासारखं काही राहिलंय का?
त्याने इकडेतिकडे बघून खरोखर विचार केला. मग म्हणाला, गाडी तेवढी काढा, क्रेनला आडवी येते.
काढली.