सीमेवरच्याला डोळे

३ ऑक्टोबर २००१

आधी कबूल करून टाकतो, मग पुढचं लिवतो. आज पहिल्याच दिवशी मी खोटं बोललो आणि ते पण एका म्हातारीशी.

रोह्याहून टमटम सुटली. वरसे गाव गेलं, पुढं डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं होतं. समोर एक म्हातारी, मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी. मला म्हणाली, कंच्या गावचा रं तू? मला आली लहर. तोंड गंभीर करून सांगितलं की मी मोठा साहेब हाय, टेपवाडीच्या नव्या मास्तराची तपासणी करायला चाललोय. कसा काय शिकवतो तो? म्हातारी म्हणाली, अजून आलाच नाय. मी म्हटलं, म्हणजे कामचुकारच दिसतो, लिहून घेतो. तर बाई माझ्यावरच तडकली. पोरगा आला नाय तवर त्याला नावं ठेवतोस? गाडी चुकली आसंल, पोटात दुखत आसंल, तुझ्या बापाचं काय जातंय? मला न ओळखता माझी बाजू घेणारी ही पहिलीच.

वर पोचल्यावर माझं बिंग फुटलं. वाडीतली पोरं ‘मास्तर आला’ करून ओरडत आली, तशी म्हातारी पोट धरून हसली आणि बोंबलाची पिशवी माझ्या पाठीत हाणली. तिचं नाव मंगळी. माझी खोली तिच्या शेजारीच.

मी रघू, पेणचा. दहावी दोन झटक्यात, बारावी एकदाची ढकलत काढली. गणपतीच्या कारखान्यात कामाला होतो. वस्तीशाळेला बारावी पास चालतो आणि हा डोंगर चढायला दुसरा कोण तयार नव्हता, म्हणून मी गुरुजी. हसू येतंय लिवताना.

९ ऑक्टोबर

शाळा म्हणजे कुडाची एक खोली, सारवलेली, वर पेंढा. फळा हाय, खडू कमी. मी पोरांना अक्षरं मातीची करायला लावतो, कारखान्यात तेवढंच शिकलो. वाडीतली सगळी कातकरी पोरं, मातीत हात घातला की पटापट शिकतात. ‘ख’ म्हटलं की आधी खेकडा बनवतात, मग अक्षर.

एक पारी म्हणून हाय, सोमाची पोर, सात वर्षांची. माझ्या तोडीची निघाली. मी काल तिच्या पाटीवर मिशी काढली, आज माझ्या चपलेत जिवंत मुठा, शेतातला खेकडा. बोट सुजलंय. वर मला विचारते, गुरुजी, चावतो व्हय तो? नजर तर अशी की दारात उभी राहून खाली कुंडलिका नदीच्या पुलावरची गाडी लाल की पांढरी ते सांगते. मला तो पूलच नीट दिसत नाय.

१७ ऑक्टोबर

ताप होता. आज उठून बसलो.

मला थोडं थोडंच आठवतंय. सोमाने पाठीवर घेऊन डोंगर उतरवला, रोह्याच्या दवाखान्यात नेला आणि परत तसाच वर आणला. वाटेत म्हणत होता, मास्तर, तू बारीक दिसतोस पण हाडं जड हायत तुझी. मंगळीने काढा पाजला. थुंकलो तर थोबाडीत दिली आणि परत पाजला. केरूबाबा, वाडीतला सगळ्यात जुना माणूस, उशाशी नुसता बसून होता.

पेणला मी आजारी पडलो तर काकी ताट सरकवून जायची. इथं मी कोण यांचा? ऊर भरून आला, मग लाज वाटली आणि पारीला बोलावून तोंडं वेडीवाकडी करून दाखवली.

यांचं काहीतरी करायला पाहिजे. काय करू? येतं तरी काय मला?

२२ ऑक्टोबर

वाडी संपते तिथं उंबराखाली यांचा देव हाय, सीमेवरचा म्हणतात त्याला. कमरेएवढा दगड, शेंदराने माखलेला. पण तोंड नाय. नाक नाय, डोळे नायत. आज केरूबाबा शेंदूर लावायला गेला, मी मागनं गेलो. तो दगडाकडे पाठ करून उभा राहिला आणि हात मागं नेऊन चाचपत शेंदूर लावला. मला हसू आवरेना. म्हटलं, बाबा, पाठ खाजवतोस काय त्याची?

तो पण हसला. मी विचारलं, बाकीच्या देवांना चांदीचे डोळे असतात, याला का नायत? केरूबाबा एवढंच म्हणाला की याला नाय देत. बाकी काय सांगेना.

मला कळलं. चांदी कुठनं आणणार बिचारे? लाजेने सांगत नाय म्हातारा.

२६ ऑक्टोबर, दसरा

आज मी एक झकास काम केलंय!

पेणला डोळ्यांची आखणी मोठा कारागीर करतो. बाकी मूर्ती कोणी पण रंगवू दे, डोळे त्याचेच. मी सात वर्षं सोंडा आणि धोतराचे काठ रंगवले. एकदा चोरून एक डोळा काढला तर कानाखाली बसली होती. आज मात्र अडवणारा कोणी नव्हता. वाडीतली माणसं भातकापणीला गेलेली. रंगाची पेटी घेतली, पारीला बरोबर घेतलं. तिने करवंटीत काळा रंग धरला.

देव रानाकडे तोंड करून आहे असं म्हणतात, पण तोंडच नाय तर कोणाला काय कळतंय? मी वाडीकडच्या अंगाला डोळे काढले. येता-जाता सगळ्यांना दर्शन होईल. हात जराही हलला नाय. पांढरा भरला, काळी बाहुली बसवली, शेवटी तिच्यात उजेडाचा बारीक ठिपका दिला. असे डोळे पेणला पण कोणाला जमले नसते. समोर पारी उभी होती. म्हणाली, गुरुजी, मला बघतोय तो.

तेच तर पाहिजे, म्हटलं.

आता सगळे कापणीवरनं येतील. त्यांची तोंडं बघायची हायत मला.

२७ ऑक्टोबर

तोंडं बघायला मिळालीच नायत. लांबनं डोळे दिसल्याबरोबर सगळे तिथल्या तिथं मागं वळले. भाताचे भारे डोक्यावर, आणि उलट्या पावलांनी घरात गेले. बायांनी पोरांचे डोळे पदराने झाकले.

रागावतील वाटलं होतं. कोणी रागावलं नाय, त्यानेच जास्त कसंतरी झालं. केरूबाबा खोलीत येऊन बसला. म्हणाला, तुझं मन चांगलं होतं, मास्तर, म्हाईत हाय. पण तो राखणीला हाय. राखायला त्याला वास पुरतो, कान पुरतात. डोळं आलं की बगंल. बगितलं की हवं वाटंल. मग विचारलं, सगळ्यात आदी त्याच्या म्होरं कोण होतं?

मी म्हटलं, मी होतो.

खोटंच बोललो. मी बाजूला बसून रंगवत होतो. समोर पारी होती.

३० ऑक्टोबर

पारी आज शाळेच्या दाराला धडकली. पोरं हसली, मी पण. मला वाटलं सोंग करतेय. तिला पुलावरची गाडी विचारली. म्हणाली, धुकं हाय. लख्ख ऊन पडलं होतं.

संध्याकाळी दगडाकडे गेलो. रंग वाळायला पाहिजे होता, चार दिवस झाले. बोट लावलं तर ओला. रंगासारखा नाय, पाण्यासारखा ओला.

१ नोव्हेंबर

पारी भाकरी तोंडाशी नेताना चुकते. सोमाला खरं सांगितलं, की समोर ती होती. पायावर डोकं ठेवलं त्याच्या. त्याने उचलून बसवलं आणि म्हणाला, तू लेकरू हायस, मास्तर. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

दगडाचे डोळे आता चकचकीत. ज्या बाजूला पारी असते त्या बाजूला बाहुल्या. शाळेत असली की शाळेकडे. घरी गेली की घराकडे. मी दोनदा जाऊन बघून आलो. मी त्या बाहुल्या मधोमध काढल्या होत्या.

३ नोव्हेंबर

घासलेट आणि चिंधी घेऊन गेलो, भर दुपारी. पुसून काढले. रंग निघाला, पांढरा, काळा, सगळा चिंधीवर आला.

डोळे तसेच हायत.

खाली डोळे हायत. मी काढलेले नायत ते. माझ्याकडे बघून मिटले आणि परत उघडले.

दगड घेतला, ठेचायला. हात वर गेला तसं वाडीत पारी किंचाळली — ठेचला नाय. नाय ठेचता येत.

५ नोव्हेंबर

पहाटे सोमा पारीला घेऊन गेला. डोळ्यांवर फडकं बांधून, खांद्यावर टाकून. निडी गावाच्या पुढं वीटभट्टी हाय, तिथं तिची मावशी कामाला. भट्ट्या पेटायला अजून वेळ हाय पण राहायला खोपटं हायत. जाताना पारी मला म्हणाली, गुरुजी, मिशी काढा ना. माझ्या तोंडावर. मी काढली. वाकडी आली. दसऱ्याला एक रेघ वाकडी गेली नव्हती.

वाडी पण रिकामी होतेय. दर साली दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात, यंदा आधीच निघाले. केरूबाबा म्हणाला, चल आमच्यासंगं. मंगळी नाय गेली. म्हणते, या येड्याला काढा कोण पाजंल?

६ नोव्हेंबर

दगड वळलाय. कोणी वळवला नाय, वळवायला माणूसच नाय इथं. आता तोंड खालच्या वाटेकडे — सोमा ज्या वाटेने गेला तिकडे. बुडाची माती ताजी उकरलेली.

केरूबाबाला जाता जाता विचारलं होतं, उपाय काय? तो म्हणाला, म्होरं कोण नसंल तर शोदत जातो. म्होरं कोण आसंल तवर त्यालाच बगतो.

एवढंच ना.

७ नोव्हेंबर

सकाळपासून त्याच्या समोर बसलोय, वाटेवर मधोमध. पहिल्यांदा माझ्या खांद्यावरनं पलीकडे बघत होता. मी नकला केल्या. माकड, हेडमास्तर, नाकात बोट घालणारा तलाठी. गाणी म्हटली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा बाहुल्या हलल्या.

आता मला बघतोय. जमलं. दुपारपासून वहीच्या ओळी जरा पुसट.

९ नोव्हेंबर

मंगळी जेवण आणते. पाठ करून, उलटी चालत. खापरावर भाकरी ठेवून म्हणते, खा रं मुडद्या. रडत असते.

आज सांगत होती, सोमाचा निरोप आलाय. पारीला हात समोर धरला तर बोटं दिसतात. मला ओरडावंसं वाटलं आनंदाने. ओरडलो पण. तो दगड — माझ्याबरोबर हसल्यासारखा — नाय, दगडाला तोंड नाय. मी तोंड काढलं नव्हतं.

ऊन लागतं पण दिसत नाय नीट. सगळं दुधासारखं.

११

दिसत नाय. मंगळीने तारीख सांगितली. तिला घालवली. जा म्हटलं, शिव्या दिल्या, माती फेकली. तिच्या अंगावर पडली की नाय कोण जाणे. पाठीवरचा हात तिचाच होता बहुतेक.

माझे संपले. आता त्याला माझ्यात बघण्यासारखं काय उरलं —

कधीतरी

चाचपत लिवतोय. ओळीवर ओळ चढत असेल.

हात पुढं केला. समोर दगड नाय. नुसता खड्डा, ओली माती.

खोलीत आलो, कुडाला धरून. दार लावलं.

कोण आलंय. पावलं वाजली नायत. विचारतंय, पारी कुठं गेली? मंगळी नाय, मंगळी रं करून बोलते. मी म्हटलं, मला माहीत नाय. तो म्हणाला, तुझा आवाज बरा हाय. आणि मग तेच परत म्हणाला, माझ्या आवाजात.

आता म्हणतोय, वहीत काय लिवलंस ते बघू.

बघू म्हणतोय. त्याला आता बघता —

ते पान फाडलं. पाच तारखेचं. चावून गिळलं. बोटाने मोजून काढलं, तेच असंल ना? तेच असंल —

वाचणाऱ्या, पाया पडतो तुझ्या. ते पान वहीत राहिलं असेल आणि तू वाचलं असशील तर त्या गावाचं नाव तोंडातनं काढू नको. पोरीला आता कुठं दिसायला लागलंय. कोणी कितीपण गोड विचारू दे, कोणाला सांगू नको. मी आलो तरी नको. पेणचा रघू म्हणून हसत आलो, नकला करून दाखवल्या, तरी नको सांगू, डोळे माझेच दिसतील पण तो मी नस